तीनशे दहा यार्ड

मर्ल हॉस्टेटरला एक बंदूक नदीपलीकडे न्यायची होती. बस्स, एवढंच. विकायची नव्हती, कुणाला कायमची द्यायची नव्हती, आणि झाडायची तर मुळीच नव्हती. डेलावेअर नदीच्या अलीकडे पेनसिल्व्हेनियातलं ग्रिफिन्स फेरी, पलीकडे न्यू जर्सीतलं हॅलोवे, आणि मधे तीनशे दहा यार्ड पाणी. आकडा पक्का आहे. मर्लने बेचाळीस वर्षं गालिच्यांच्या दुकानात लोकांच्या खोल्या मोजण्यात घालवली होती आणि एकाही खोलीत त्याचा गालिचा कमी पडला नव्हता. माणसाजवळ अभिमान बाळगायला काहीतरी लागतं. मर्लजवळ हे होतं.

बंदूक त्याच्या थोरल्या भावाची, थर्मनची. देशाला दोनशे वर्षं झाली त्या साली अख्ख्या गावाला जुन्या काळाचं वेड लागलं होतं, तेव्हा थर्मनने तळघरात बसून एका हिवाळ्यात ती स्वतः घडवली. लांब नळीची, चकमकीची, तोंडातून दारू भरायची. दस्ता वडिलांनी लावलेल्या मेपलचा. दस्त्यावर त्याने एक पान कोरलं होतं आणि ते उलटं कोरलं गेलं होतं. "वाऱ्याने उलटलंय," असं तो सांगायचा. पुढे थर्मनने नदीपलीकडच्या आयडाशी लग्न केलं आणि तो जर्सीत राहायला गेला. जाताना म्हणाला, "बारक्या, दोन आठवडे ठेव. कागदपत्रांचं बघतो, मग घेऊन जातो."

त्या दोन आठवड्यांना आता सदतीस वर्षं झाली होती.

आयडा गेली. थर्मन हॅलोवेच्या नदीकाठच्या वृद्धनिवासात आला. मग त्याची आठवण एकेक खोली रिकामी करत चालली. आधी आयडाचं मरण गेलं, मग आयडा गेली, मग आज कोणता वार ते गेलं. पण एक वस्तू मात्र कोपऱ्यात उभी राहिली. मर्ल दर गुरुवारी पूल ओलांडून भेटायला जायचा आणि थर्मन खिडकीतून पाण्याकडे बघत विचारायचा, "माझी बंदूक कुठाय?"

"माझ्याकडे आहे."

"मग आणली का नाहीस?"

 एकदा मर्लने बंदुकीचा फोटो नेला. थर्मनने तो उलटसुलट केला, मागे दस्ता आहे का बघितलं, आणि म्हणाला, "ही हलकी आहे." दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मर्लला बाजूला घेऊन सांगितलं की वसंतापर्यंत हा प्रश्नही राहील असं नाही. तुम्हाला काही करायचं असेल तर या हिवाळ्यात करा.

मर्लने करायचं ठरवलं. आणि शेजाऱ्याला विचारायची चूक केली.

शेजारी पास्क्वाले. तो कायद्याचा मोठा जाणकार होता, म्हणजे त्याच्यावर तीन खटले झाले होते. तो कुंपणाला टेकून सावकाश म्हणाला, "इकडे ती बंदूक म्हणजे फर्निचर. भिंतीवर लाव, शेकोटी ढोसायला घे, कोण विचारतं? पण पुलाच्या मध्यावर ती हद्दीची पिवळी पाटी आहे ना, तिच्या पुढे चाक गेलं की फर्निचरची बंदूक होते. तू तोच, गाडी तीच, नळी तीच. पण आता तू गुन्हेगार."

"तिला तर गोळीसुद्धा तोंडातून भरावी लागते!"

"ते तू न्यायाधीशाला सांग. माझ्या मेव्हण्याच्या चुलतभावाने असंच सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय, आता तो फार कमी बोलतो."

मर्लने तीन कार्यालयांत फोन केले. पहिलं म्हणालं, इतकी जुन्या घडणीची असेल तर काही लागत नाही. दुसरं म्हणालं, सगळं लागतं. तिसऱ्याने अकरा मिनिटं व्हायोलिन ऐकवलं आणि सांगितलं, तुम्ही वकील बघा. मी उगाच कुणावर तोंड टाकणारा माणूस नाही, पण एक गोष्ट सांगतो. ज्या कायद्याचा अर्थ तो राबवणाऱ्यालाच ठाऊक नाही, त्या कायद्याला फक्त सज्जन माणूस भितो. चोर कधी फोन करून विचारत नाही.

"एक वाट आहे," पास्क्वाले चार दिवसांनी म्हणाला. विचार करून त्याचे डोळे आत गेले होते. "राज्यातून नुसतं आरपार जाणाऱ्याला वॉशिंग्टनचा कायदा सांभाळतो. बंदूक रिकामी, डिकीत, कुलपात. निघतोस तिथे चालायला हवी, पोचतोस तिथे चालायला हवी. मधे मात्र रेंगाळायचं नाही."

"अरे पण थर्मन मधेच आहे!"

"त्याला खिडकीत बसवायला सांग. तू चाळीसच्या वेगाने समोरून जा."

"आणि बंदूक?"

"डिकीत."

"मग त्याला दिसणार काय?"

पास्क्वालेने कुंपणाचा एक सुटा खिळा आत दाबला. मग म्हणाला, "डिकीकडे बोट दाखव."

मर्लची बायको लॉर्ना स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं ऐकत होती. ती स्क्रॅपलच्या, म्हणजे डुकराच्या खिम्याच्या, वड्या तव्यावर उलटत म्हणाली, "दोन म्हातारे मिळून एक काठी नदीपार नेऊ शकत नाहीत, आणि म्हणे यांनी राष्ट्र घडवलं." लॉर्नाचं बोलणं खरं असे आणि म्हणूनच ते कुणाला आवडत नसे.

टोमणा लागला. दुसऱ्या दिवशी मर्लने बंदूक ब्लँकेटात गुंडाळली, डिकीत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली मोज्यात घातली आणि निघाला. नदीवर धुकं होतं. पूल त्या धुक्यात शिरून कुठेतरी विरघळला होता आणि मर्लला वाटलं, आपण जर्सीला नाही, एकोणीसशे शहात्तर सालाकडेच चाललोय. पलीकडे थर्मन तरुण असेल, हाताला जवसाच्या तेलाचा वास असेल. इतक्यात पिवळी पाटी आली. तिच्यापलीकडे एक पोलिसाची गाडी उभी होती. आतला पोलीस सँडविच खात होता. त्याने मर्लकडे पाहिलंसुद्धा नाही. पण मर्लला ते सँडविच फार सावध वाटलं. त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला, हात आपोआप फिरले, आणि गाडीने पुलाच्या ऐन मध्यावर वळण घेतलं.

अलीकडच्या टोकाला पेनसिल्व्हेनियाच्या पोलिसाने त्याला थांबवलं.

"डिकीत काय आहे, सर?"

मर्लला खोटं बोलता येत नसे. "बंदूक."

"बरं," पोलीस म्हणाला, जसं काही मर्लने कलिंगड सांगितलं. मग त्याचा चेहरा लाल झाला. "पण पुलावर गाडी वळवता? या वयात? पुलावर?"

दंडाची चिठ्ठी घेऊन घरी येताना मर्लला जास्त लागलं ते वेगळंच होतं. हॉस्टेटरांपैकी एकाने पुन्हा एकदा नदीच्या मध्यावरून माघार घेतली होती.

या 'पुन्हा'चा खुलासा करावा लागेल. सतराशे शहात्तरच्या, इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या हिवाळ्यात, नाताळच्या सुमारास, नदीच्या वरच्या अंगाला आमचे जनरल वॉशिंग्टन पार झाले आणि त्यातून पुढे देश झाला, हे शाळेत सगळे शिकतात. त्याच वेळी ग्रिफिन्स फेरीची तेरा माणसंही, एक हॉस्टेटर धरून, एका नावेतून निघाली होती, असं ग्रिफिन्स फेरी मानतं. ती मध्यापर्यंत गेली, बर्फाच्या लाद्या पाहिल्या आणि परत आली. एवढाच आमचा पराक्रम. दुसऱ्या एखाद्या गावाने तो मुकाट्याने पुरला असता. आमच्या गावाने त्याची कंपनी, म्हणजे हौशी शिपायांची तुकडी, काढली. दर वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता (रात्री विमा मिळत नाही) तेरा माणसं तिकोनी टोप्या घालून, बंदुका घेऊन नावेत बसतात, मध्यापर्यंत जातात, कॅप्टन "बर्फ!" असं ओरडतो आणि सगळे परत येतात. काठावर टाळ्या पडतात. माणूस आपली फजिती शेकडो वर्षं जपू शकतो. फक्त तिला गणवेश शिवून द्यावा लागतो.

थर्मन दहा वर्षं त्या नावेत होता. मर्ल अजून होता. थर्मन जर्सीला गेल्यावर दर वर्षी पलीकडच्या काठावर थर्मास घेऊन उभा राहायचा आणि नाव मध्यावर आली की ओरडायचा, "या की रे भित्र्यांनो! कॉफी गरम आहे!" आणि दर वर्षी नाव वळायची.

पुलावरच्या प्रकारानंतर मर्ल दुकानातल्या गालिच्यांच्या ढिगावर दुपारी पडला होता. निवृत्त झाला तरी तो तिथे डुलकी काढायला जायचा आणि मालकही काही म्हणत नसे. डोळा लागला. स्वप्नात तो नदीवर गालिचा अंथरत होता. हिरवा, दाट, गुडघ्यापर्यंत धागे असलेला. पाणी खालून हळू श्वास घेत होतं आणि गालिचा वरखाली होत होता. खांद्यावर बंदूक घेऊन तो अनवाणी चालत गेला. मध्यावर पाटी नव्हती, पोलीस नव्हता; नुसती ऊब होती. पलीकडे थर्मन म्हणाला, "कडेला दोन इंच शिल्लक ठेवलेस ना?"

जाग आली तेव्हा मर्लला मार्ग सापडला होता. नाव!

तो पुलावरून पलीकडच्या परवाना कार्यालयात गेला, या वेळी मोकळ्या हाताने. तिथल्या मिसेस डंब्रोव्स्कींनी चष्मा नाकावर ओढून सांगितलं की होय, ऐतिहासिक सोहळ्यासाठी बंदुका आणायचा अर्ज घेतला जातो. मर्लचे डोळे भरून आले. त्याने तिथेच अर्ज भरला. बाईंनी वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"'जर्सीच्या काठावर उतरण्याची वेळ' इथे तुम्ही लिहिलंय, 'उतरत नाही.'"

"मॅम, सोहळा तसाच आहे. आम्ही मध्यावरून परत जातो."

"मग परवानगी कशाला हवी?"

"या वर्षी मला उतरायचंय."

"मग तो ऐतिहासिक सोहळा नाही. मग तो बंदूक घेऊन नावेतून उतरणारा माणूस."

"पण सोहळ्यातूनच उतरणार ना!"

"तुमच्या सोहळ्यात उतरणं नाही," बाई न चिडता म्हणाल्या. त्यांचा तो शांतपणाच माणसाला ठार करी. "तुमच्या कंपनीला इतिहास बदलायला सांगा, तसं पत्र आणा, मी शिक्का मारते."

मर्ल कंपनीच्या कॅप्टनकडे गेला. कॅप्टन फेनिमोर हे व्यवसायाने दंतवैद्य. मर्लला त्यांनी खुर्चीत बसवलं, आणि सवयीने आडवं केलं.

"मर्ल, तू मागतोस काय ते तुला कळतंय का? जनरलसाहेब पार झाले म्हणून ते जनरलसाहेब. आपण मागे फिरलो म्हणून आपण. आपणही पार झालो तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?"

"एकदाच. माझा भाऊ त्या काठावर खुर्चीत बसलेला असेल. त्याच्या हातात पाच मिनिटं बंदूक द्यायची, आणि परत."

"आणि बर्फाचं काय?"

"गेली अकरा वर्षं नदीत बर्फ नाही, कॅप्टन."

"तोंड उघड," कॅप्टन म्हणाले. "मोठं. हं. मागची दाढ गेलीय तुझी." इतिहासावरची चर्चा तिथे संपली.

त्या गुरुवारी थर्मनने मर्लला ओळखायला जरा वेळ घेतला. मग म्हणाला, "माझी..." आणि थांबला. पुढचा शब्द कुठे ठेवला ते आठवेना. तो बराच वेळ दोन्ही तळहात एकमेकांपासून लांब धरून बसून राहिला, मधे काहीतरी असावं असे. मर्लने ते अंतर नजरेने मोजलं. बंदुकीच्या दस्त्यापासून चापापर्यंत, बरोबर.

नाताळचा दुसरा दिवस उजाडला तो धुक्यातच. नदी नव्हतीच, नुसता पांढरा कापूस होता आणि त्याच्या आत कुठेतरी पाणी बोलत होतं. सोहळा रद्द करावा का यावर चर्चा झाली; पण केक कापून झाले होते. तेरा माणसं नावेत बसली. प्रत्येकाच्या बंदुकीत चकमकीच्या जागी विमेवाल्यांच्या आज्ञेने लाकडाचा तुकडा बसवलेला, म्हणजे त्या तेरा बंदुका मिळून एक सिगारेटही पेटली नसती. मर्लने या वर्षी आपली नेहमीची सोडून थर्मनची घेतली होती. लॉर्नाने काठावरून त्याची टोपी सरळ केली आणि हळूच म्हणाली, "मोजेसुद्धा धडके घालता येत नाहीत तुला." लॉर्ना फार हळवी झाली की मोज्यांवर बोलते.

नाव निघाली. दहा वल्ह्यांतच अलीकडचा काठ नाहीसा झाला. पुढे काही नाही, मागे काही नाही. पाण्याचे थेंब वल्ह्यांवरून गळत होते आणि मर्लला वाटलं, आपण सतराशेमध्ये आहोत की शहात्तरमध्ये की अजून गालिच्यांच्या ढिगावर, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

कॅप्टन दर वर्षी पलीकडच्या चर्चचा कळस बघून मध्य ठरवायचे. आज कळस नव्हता. त्यांनी घसा खाकरला. "मर्ल! मोजतोयस ना? किती आलो?"

मर्ल मोजतच होता. एका वल्ह्याला दोन यार्ड, सव्वादोन. एकशे पंचावन्नवर मध्य. मघाशीच तो येऊन गेला होता. नाव आता दोनशे पासष्टवर होती, म्हणजे जर्सीत एकशे दहा यार्ड आत. आणि तेवढ्यात धुक्यातून एक खोकला आला. कोरडा, दोनदा तुटणारा, तळघरात लाकडाची पूड नाकात गेल्यावर थर्मनला यायचा तोच. शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ.

बेचाळीस वर्षं. एकही गालिचा कमी पडला नव्हता.

"एकशे दहा!" मर्ल ओरडला. "अजून पंचेचाळीस आहेत!"

"मारा वल्ही!" कॅप्टन म्हणाले.

मारली. पंचेचाळीस झाले. कॅप्टन उठून उभे राहिले, हात उंचावला, छाती भरली आणि "बर्..." एवढ्यात नाव करकचून वाळूत घुसली. 'फ' म्हणेपर्यंत कॅप्टन खाली बसले होते. धुकं थोडं फाटलं. समोर वृद्धनिवासाच्या चाकांच्या खुर्च्यांची रांग होती, गुडघ्यांवर चौकटीची ब्लँकेटं, आणि सगळे म्हातारे तोंड उघडं टाकून बघत होते. ते दर वर्षी धुक्यात किंवा उन्हात दूरवर एक नाव वळताना बघायचे. ती अंगावर येईल असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मागे! मागे!" कॅप्टन किंचाळले. "आपण इतिहासाबाहेर आलोय!"

नाव हलेना. आणि मर्ल उतरला. घोट्यापर्यंत पाणी, मग वाळू, मग न्यू जर्सी. तो तिकोनी टोपीतला, भोकाच्या मोज्यातला अडुसष्ट वर्षांचा माणूस कुणाची परवानगी न घेता सरळ चालत गेला आणि तिसऱ्या खुर्चीसमोर थांबला. थर्मनचे तळहात तसेच लांब धरलेले होते. मर्लने त्यांच्यामधे बंदूक ठेवली. बरोबर बसली.

थर्मनने दस्त्यावरून अंगठा फिरवला. उलट्या पानापाशी तो थांबला, पुढे गेला, परत आला. मग त्याने वर पाहिलं. मर्लच्या खांद्यावरून नावेकडे, बारा घाबरलेल्या टोप्यांकडे.

"कॉफी गार झाली, बारक्या," तो म्हणाला.

रहदारी बघायला नेमलेल्या जर्सी पोलिसांच्या सार्जंट ओकोरो काठावरून चालत आल्या. उंच, शांत बाई. त्यांनी नाव बघितली, बंदुका मोजल्या, परत मोजल्या.

"तुमच्यात प्रमुख कोण?"

सगळ्यांनी कॅप्टनकडे बोट दाखवलं. कॅप्टननी धुक्याकडे.

"तेरा माणसं, तेरा बंदुका. कागद?"

मर्लने लाकडाच्या तुकड्याकडे बोट केलं. "मॅम, ही पेटत नाही. माझी नाही, त्याची आहे. सदतीस वर्षं माझ्याकडे राहिली. काय व्हायचं ते मला होऊ द्या, या लोकांना माहीत नव्हतं. मोजायला मी चुकलो."

सार्जंटबाईंनी थर्मनकडे पाहिलं. तो गाल दस्त्याला लावून नेम धरून बसला होता. नेम कशावर, ते त्यालाच ठाऊक. तिकडे नुसतं धुकं होतं. चेहऱ्यावर असं सुख, की शेजारच्या खुर्चीतली म्हातारीही त्या दिशेने टक लावून बघू लागली होती.

"ह्याची नोंद करावी लागेल," त्या म्हणाल्या. "वही गाडीत आहे. गाडी वरच्या रस्त्याला आहे, आणि माझा गुडघा दुखतोय, म्हणजे मला जाऊन यायला वीस मिनिटं लागतील. मी परत आले तेव्हा इथे बंदुका असतील तर मला सगळ्यांना आत घ्यावं लागेल, हे नीट ऐकलंत ना?" आणि त्या चढ चढू लागल्या. गुडघ्याला काही झालेलं दिसत नव्हतं. पण माणूस इतक्या सावकाश चालू शकतो हे मर्लने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

एकोणिसाव्या मिनिटाला थर्मनने बंदूक आपणहून परत दिली. "चापाला गंज आहे. तेल लाव," तो म्हणाला, आणि डोळे मिटले. तोवर बाकीच्यांनी नाव ढकलून मोकळी केली होती, आणि सार्जंटबाई परतायच्या आत ती धुक्यात शिरली.

त्या आठवड्यात कंपनीने मर्लला काढून टाकलं. दप्तरात लिहिलं, 'मोजणीतील दोषामुळे नाव वाजवीपेक्षा पुढे गेली; इतिहास अबाधित.' गावात दोन महिने बोललं गेलं. पास्क्वालेने सांगून पाहिलं की ही कल्पना मूळ त्याचीच. दुकानाच्या मालकाने विचारलं, "बेचाळीस वर्षांत एकदाही नाही, आणि आता एकशे पंचावन्न यार्डांनी चुकलास?" मर्लने मान खाली घातली. एकशे पंचावन्न यार्ड म्हणजे काय थोडा गालिचा!

जानेवारीच्या गुरुवारी तो पलीकडे गेला तेव्हा थर्मन खिडकीशीच होता. बंदुकीचं नाव त्याने काढलं नाही. मर्लने खुर्ची त्याच्या शेजारी ओढली. मर्लला वाटलं, गेलं, तेही गेलं. तो दिवसही त्या रिकाम्या खोल्यांबरोबर गेला.

"बारक्या," थर्मन म्हणाला, "इथून तिथपर्यंत किती रे?"

"तीनशे दहा यार्ड."

"तू तर नावेत दुसरंच ओरडलास."

मर्ल दचकला. "तुला ऐकू आलं?"

"धुक्यात आवाज फार लांब जातो," थर्मन म्हणाला. त्याने नदीवरची नजर काढली नाही, पण ओठ हलले. "टेप हातात धरायला मीच शिकवलं होतं तुला. आणि तुझं कधी एक इंचही चुकलं नाही, याचं मला फार वाईट वाटायचं."

मग तो हसला, दोनदा तुटत खोकला, आणि म्हणाला, "या वेळी नीट मोजलंस."